पाण्याला पगार नसतो

चुरीकाकांना आठवायला बसलं की चेहऱ्याआधी त्यांचा आवाज येतो. कारण साधं आहे. दोन वर्षं आम्ही एका खोलीत काम केलं आणि त्यातला बहुतेक वेळ मी त्यांच्याकडे पाठ करून बसलेली असे. नियम त्यांचाच होता. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं लिहायचं, आणि लिहिणाऱ्यानं मोजायच्या काचेच्या नळीकडे बघायचं नाही.

खोली बोईसरच्या एमआयडीसीत होती. खालच्या मजल्यावर आजूबाजूच्या रसायनांच्या आणि औषधांच्या कारखान्यांतून पोत्यांनी प्रेशर गेज यायचे आणि पांडेजी ते दिवसाला चाळीस-पन्नास उरकायचे. जिना चढून वर आलं की आमची खोली. तिथे विमानांचे वेगमापक तपासले जात. विमानं म्हणजे मोठी नव्हेत, उडायला शिकवणाऱ्या एका शाळेची दोन-चार आसनी विमानं. वेगमापक म्हणजे मुठीपेक्षा थोडं मोठं काळं डबडं, पुढे काच, काचेमागे पांढरा काटा, पाठीमागे नळ्या लावायला दोन तोंडं. त्याच्या कागदावर सही करायचा अधिकार सगळ्या कंपनीत एकट्या काकांना होता. सहीशेजारी मारायचा गोल शिक्का ते चुन्याच्या रिकाम्या डबीत ठेवत आणि डबी शर्टाच्या खिशात. जेवायला जातानासुद्धा ती टेबलावर राहत नसे.

ते केळव्याचे. घरची नारळी-सुपारीची वाडी होती, पण तरुणपणीच मुंबईला एका विमान कंपनीच्या वर्कशॉपमध्ये लागले. कंपनी बंद पडली तेव्हा पन्नाशी उलटली होती. मग बोईसर. रोज केळव्याहून स्कूटरवर येत. डब्यात बहुधा सुका जवळा आणि भाकरी. यापलीकडे त्यांनी स्वतःबद्दल मला काही सांगितलं नाही आणि मला विचारायचं धाडस झालं नाही.

पहिल्या दिवशी मी दारात उभी राहून "गुड मॉर्निंग, सर" म्हणाले.

"सर शाळंत. इतं काका. बस." त्यांनी वर पाहिलं नाही. "विमानाचा वेग पायलटला कसा कळते?"

मी तारापूरच्या कॉलनीत वाढलेली, इंग्रजी माध्यमात शिकलेली, डिप्लोमाला बरे मार्क मिळवलेली. मी म्हणाले, "जीपीएस."

"ते जमिनीवरचा वेग सांगते. विमान जमिनीवर उडते काय?"

मी गप्प बसले. गप्प बसणं मला चांगलं जमतं.

त्यांनी कपाटातून गवंडी भिंतीची पातळी बघायला वापरतात तसली पारदर्शक नळी काढली. ती इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून पाटीला बांधलेली होती आणि तिच्यात अर्ध्यापर्यंत जिलबीचा रंग टाकलेलं पाणी होतं. एक तोंड माझ्यासमोर धरून म्हणाले, "फुंक. लांबून. मेनबत्ती विझवायची नाय, चा निववायचाय."

मी फुंकले. माझ्या बाजूचं पाणी जरा खाली गेलं, पलीकडचं वर आलं.

"ह्या तोंडावर वारा आदळला. त्या तोंडाला नुसती हवा हाय, उभी. दोनीच्या दाबात फरक पडला म्हनून पानी हाललं. फरक मोजला की वेग कळला. बाकी सगळी सजावट."

मला सहा सेमिस्टरमध्ये जे कोणी असं सांगितलं नव्हतं ते एवढंच होतं. विमानाच्या पंखाखाली पुढे तोंड करून एक नळी असते, समोरून येणारी हवा तिच्यात घुसते. बाजूला दुसरी भोकं असतात, त्यांना वारा थेट लागत नाही. वेगमापकाच्या डबड्यात पातळ पत्र्याची एक चपटी डबी असते. नळीतली हवा तिच्या आत जाते, भोकांतली तिच्या बाहेर राहते. वेग वाढला की डबी फुगते आणि काटा फिरवते. विमानाला जमीन दिसत नसते. हवा आपल्याला किती जोरानं लागते, एवढंच त्याला ठाऊक.

"आता हिशेब ऐक," काका म्हणाले. "साठ नॉट वेगाला पानी सुमारे साठ मिलिमीटर चढते. मंग एकशेवीसला किती?"

"एकशेवीस."

"दोनशे चाळीस. वेग दुप्पट, पानी चौपट. आनि तीसला?"

मी मनात मांडलं. "पंधरा."

"पंधरा. बोटाचं एक पेर नाय. विमान उतरताना हळू असते. तवाच पानी कमी असते. तितं दोन मिलिमीटर चुकले तर वरती पायलट समजते, मी जोरात हाय. आनि तो नसते. पंखाला पेलत नाय मंग. समजलं?"

मी मान हलवली. त्यांनी ती पाहिली नाही. ते पुन्हा कामाला लागले होते.

खोलीत एक नवं डिजिटल मशीन होतं. आमचे मालक नितीनसर, काकांपेक्षा वीसेक वर्षांनी लहान, त्यांनी हौसेनं आणलेलं. नळ्या जोडायच्या, वेगाचा आकडा टाकायचा, मशीन तेवढा दाब स्वतः देतं. काकांनी त्यावर डब्याचा नॅपकिन वाळत घातला होता. ते स्वतःच्या काचेच्या नळीवर काम करत. भिंतीवर उभी, लांब, शेजारी मिलिमीटरच्या बारीक रेघा. रबरी फुगा हळूहळू दाबत काटा साठवर आणायचा, नळीला कपड्यांचा लाकडी चिमटा लावायचा, आणि पाणी किती चढलं ते वाचायचं.

पांडेजी कधीमधी वर येऊन दारातून डोकावत. "चुरीजी, पानी में मछली मिली क्या?"

"मिली ना. तुज्यासारखी हाय. तोंड उघडं."

"अरे मशीन ले आये साहब इतने लाख का. बटन दबाओ, घर जाओ।"

"पांडे, त्या मशीनला कोनी शिकवलं? कंपनीनं. कंपनीला? दुसऱ्या कंपनीनं. ह्या पान्याला कोनी शिकवलं नाय. पान्याला पगार नाय. त्याला कोनाला खूश करायचं नाय. आनि दार लाव, पानी हलतेय!"

दार खरंच लावावं लागे. ते धाडकन उघडलं की खोलीतली हवा हलायची आणि पाणी दोन रेघा उडायचं. म्हणून कुरियरवाल्याला जिन्यात थांबावं लागे. एकदा नितीनसरांनाही थांबवलं होतं. "वाचन चालू हाय," एवढंच म्हणाले आणि मालक सात मिनिटं पायरीवर मोबाइल बघत उभे राहिले.

खरं सांगायचं तर ते मशीन चांगलं होतं. मी त्याची कागदपत्रं वाचली होती. काकांच्या हट्टाला त्यांच्या नळीइतका आधार नव्हता, हे मला पहिल्या महिन्यातच समजलं होतं. मी बोलले नाही.

पाठ करून बसायच्या नियमाचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. मुंबईच्या वर्कशॉपमध्ये कुठल्या वेगाला किती पाणी, याचा तक्ता लिहिणाऱ्याच्या समोरच टांगलेला असे. वाचणारा "अठ्ठावन्न की एकोणसाठ" म्हणून अडखळला की लिहिणारा साठ लिहून मोकळा.

"चोर नसते तो," काका म्हणाले. "उत्तर मायती असलं की हात तितं जाते. मदत करते बिचारा. म्हनून लिवनाऱ्यानं बघायचं नाय. जे ऐकलं ते लिवायचं."

ऐकलं ते लिहिणं मला सुरुवातीला जमेना, कारण काका आकडे मराठीत बोलत. एकोणसाठ म्हणजे फिफ्टी-नाइन की सिक्स्टी-नाइन, हे ठरवेपर्यंत पुढचा आकडा यायचा. आमच्या घरी आई भाजीवाल्याकडे मराठी आकडे बोलते आणि मी शेजारी उभी राहून ते मनात इंग्रजी करते, अशी माझी गत. दुसऱ्याच आठवड्यात एका पानावर मी एकोणसत्तरच्या जागी एकोणऐंशी लिहिले. काकांनी वही उचलून जिन्यावरून खाली फेकली. ती पांडेजींच्या टेबलाजवळ जाऊन पडली.

"जा, घेऊन ये. आनि वर येताना पायऱ्या मोजत ये. मराठीत. मोठ्यानं."

जिन्याला एकवीस पायऱ्या. मी मोजत आले. खालची माणसं हसत होती. काका म्हणाले, "परत जा. ऐकू आलं नाय." त्या दिवशी मी चार वेळा जिना चढले. घरी जाऊन रडले आणि एक ते शंभर पाठ केले. त्यांनी पुढे कधी या गोष्टीचा उल्लेख केला नाही, माफीही मागितली नाही. महिन्याभरानं मात्र म्हणाले, "आता तू बरी ऐकतंस."

मी बरी ऐकत होते म्हणूनच मला पुढचं कळलं.

काकांची वाचायची एक चाल होती. फुग्याचा आवाज थांबायचा, चिमट्याची टक, मग शांतता. त्या शांततेत ते श्वासही घेत नसत. मग हळूच, "थांब." पुन्हा शांतता. "थांब... साठ. नाय. साडेएकोनसाठ." प्रत्येक आकड्याआधी हा "थांब" यायचाच. तो मला उद्देशून नसे, पाण्याला असे.

माझ्या दुसऱ्या वर्षी, पावसाच्या थोडं आधी, माझ्या लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत "थांब" ऐकला नाही. चिमट्याची टक झाली की लगेच आकडा येत होता. "साठ." "एकशे सहा." "दोनशे अडतीस." कुठे अडखळणं नाही, कुठे अर्ध्या रेघेवर परतणं नाही. आकडे चांगले होते. फार चांगले होते.

दोन-तीन दिवस मी ऐकत राहिले. चौथ्या दिवशी वळून पाहिलं.

काका काचेसमोर उभे होते, पण मान जरा बाजूला वळलेली, जणू खिडकीबाहेर कोणी हाक मारली होती. डोळे नळीवर नव्हतेच. म्हणाले, "साठ." पाणी अठ्ठावन्नवर होतं.

नंतर मला ते सर्व समजलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग त्यांचा जात होता. अशा माणसाला कडेकडेचं दिसत राहतं. जिना दिसतो, रस्ता दिसतो, मोठा पांढरा काटासुद्धा तिरक्या नजरेनं समजतो. ज्याच्याकडे थेट बघावं, तेवढंच नेमकं नाहीसं होतं. पालघरच्या डॉक्टरनं दिवाळीनंतर त्यांना स्वच्छ सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही. त्यांनी ते घरीही सांगितलं नव्हतं. रेघा दिसेनाशा झाल्यावर चाळीस वर्षांच्या सवयीनं कुठल्या वेगाला किती पाणी असायला हवं, ते बोलत होते.

अठ्ठावन्न चालण्यासारखा होता, सवलतीत, म्हणजे जेवढी चूक चालते तेवढीत बसणारा. मी साठ लिहायचं सोडून अठ्ठावन्न लिहिला आणि पुन्हा पाठ केली. पान भरल्यावर ते मला मोठ्यानं वाचायला सांगत. मी त्यांचेच आकडे त्यांना वाचून दाखवले. त्यांनी डबी उघडली, शिक्का मारला, सही केली. सही मोठी झाली होती, ओळीबाहेर जाणारी.

असं साडेतीन महिने चाललं. मी वळायचे, बघायचे, खरं ते लिहायचे, खोटं ते वाचून दाखवायचे. मला वाटायचं मी त्यांना सांभाळते आहे. आता वाटतं, बोलावं लागू नये म्हणून ते सोयीचं होतं.

नवरात्राच्या सुमाराला एक वेगमापक आला. काटा साठवर. चिमट्याची टक.

"साठ," काका म्हणाले.

पाणी बावन्नवर होतं. म्हणजे विमान छप्पन्ननं जात असताना हा काटा साठ दाखवणार. हे सवलतीत बसत नव्हतं. बावन्न लिहिलं तर तो नापास करावा लागणार, आणि न लिहिलं तर तो उडणार.

"काका," मी म्हणाले. दोन वर्षांत वाचनाच्या मधे मी पहिल्यांदा बोलले. "बावन्न आहे."

चिमटा काढल्याचा आवाज आला, आणि पाणी सूं करत खाली बसल्याचा.

"तू वळलंस."

"हो."

"कदीपासनं?"

"पावसाच्या आधीपासून."

ते स्टुलावर बसले. मला वाटलं ओरडतील. वही फेकतील असंही वाटलं आणि ती फेकली असती तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "म्हंजे मी खोटे बोल्लो, तू खरे लिवले, आनि शिक्का माजा. दोगं मिळून एक नीट मानूस झालो आपन."

मी म्हणाले, "काका, सगळे ठीक होते. हा एकच..."

"त्याच्या आदीचं काय? तवा तू वळलं नव्हतंस." ते बोटांवर मोजू लागले. दिवाळीपासून पावसापर्यंत कुठल्या कुठल्या तारखेला किती नग गेले, त्यांना तोंडपाठ होतं. "चौदा. चौदा विमानांत माजे बनवलेले आकडे उडतायत. ते मी पन बघितले नाय, तू पन बघितले नाय."

त्याच दुपारी ते नितीनसरांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडं होतं. मी जिन्यात उभी राहून सर्व ऐकलं.

"चौदा नग परत मागवा. मी तपासलेले नाय ते."

"म्हणजे काय काका? रजिस्टर आहे, सही आहे."

"सही हाय. तपासनी नाय. मला रेघा दिसत नाय, नितीन. डॉक्टरचा कागद हाय हा."

कागदाची घडी उलगडल्याचा आवाज. मग नितीनसर हळू आवाजात, जवळजवळ मायेनं म्हणाले, "काका, डोळ्याला त्रास होतोय, मान्य. ऑपरेशन करू, रजा घ्या. पण डोळे अधू म्हणजे आकडे चुकलेच असं कुठे आहे? तुमचा हात आहे चाळीस वर्षांचा. आणि शाळेला आपण असं लिहिलं तर उद्या आपलं दार बंद. खाली बावीस माणसं आहेत."

"आनि वरती? पोरं शिकतायत त्यात. एकेकटी."

"तुमच्यावरच येईल हे सगळं. समजतंय का तुम्हाला?"

"येऊ दे. मी लिवून देतो. पन मी एकटा बोल्लो तर तू म्हनशील म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तिला विचार. ती होती रोज."

मला आत बोलावलं. टेबलापलीकडे नितीनसर, अलीकडे काका उभे. खुर्ची दिली होती, पण बसले नव्हते. नितीनसर म्हणाले, "अनघा, हे दिवाळीनंतरचे चौदा नग. काका म्हणतात वाचन बरोबर झालं नाही. तुला काही चुकीचं दिसलं होतं?"

काका माझ्याकडे वळले. म्हणजे माझ्या खांद्याच्या थोडं बाहेर बघू लागले. आता मला ठाऊक होतं की मी दिसावी म्हणून त्यांना तसंच बघावं लागतं. ते शांत होते. मी काय सांगणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती, हे मला तेव्हाही दिसलं.

मला सांगता आलं असतं की जूनपासून ते आकडे बनवत होते, मी डोळ्यांनी पाहिलंय, तेव्हा त्याआधीचेही तसेच असणार. दोन वाक्यं होती. पण मग माझ्या वहीतल्या साडेतीन महिन्यांचंही बोलावं लागलं असतं. आणि नितीनसर माझ्याकडे बघत होते, आणि माझ्या कन्फर्मेशनचं पत्र त्यांच्या टेबलावरच्या फायलीत होतं.

"माझी पाठ होती, सर," मी म्हणाले.

त्यात एक शब्द खोटा नव्हता.

"बघा काका," नितीनसर म्हणाले. "तिला काहीच माहीत नाही."

काकांनी डॉक्टरचा कागद टेबलावरून उचलला. एकदा चाचपडावं लागलं. पुन्हा घडी घालून खिशात ठेवला आणि शिक्क्याची चुन्याची डबी काढून टेबलावर ठेवली. त्या दिवसानंतर खोलीत आले तेही फक्त चिमटे आणि जिलबीच्या रंगाची पुडी पिशवीत भरायला.

पंधरा दिवसांनी निरोप समारंभ झाला. खालच्या मजल्यावर गेजची टेबलं सरकवून खुर्च्या मांडल्या. नितीनसर "आमच्या संस्थेचा डोळा" असं काहीतरी म्हणाले आणि ओशाळून थांबले. शाल दिली, आणि ज्या माणसाच्या वाडीतून वर्षाला शेकड्यांनी नारळ उतरतात त्याला एक नारळ दिला. पांडेजी खरोखर रडले. काकांना बोलायला सांगितलं तर उठून म्हणाले, "चौदा नग हायत. नंबर मी सांगतो," आणि आठवणीतून एकेक नंबर सांगू लागले. पाच-सहा झाल्यावर कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी वाजवल्या. मीही वाजवल्या.

घरी गेल्यावर त्यांनी शाळेला पत्र लिहिलं, स्वतःच्या त्या मोठ्या, ओळीबाहेर जाणाऱ्या अक्षरात. शाळेनं आम्हाला फोन केला. नितीनसरांनी सांगितलं की वय झालंय, नजर गेली, मनावर परिणाम आहे, आणि रजिस्टरच्या पानांचे फोटो पाठवले. अक्षर माझं, सुंदर, वळणदार, कुठेही खाडाखोड नाही. शाळेचं समाधान झालं.

काकांच्या जागी नवा माणूस आला. त्यानं नॅपकिन झटकून मशीन सुरू केलं. काम भराभर होऊ लागलं. आता लिहायचंही नसे, मशीन कागद छापून देई. मी पुढच्या दोन वर्षांत ते चौदा नंबर मनात ठेवून होते. मुदत संपली की ते तपासणीला परत येत. एकेक येत गेला, मी एकेकावर मनात खूण करत गेले. अकरा आले. नऊ बरे निघाले. दोन चुकीचे. त्यातला एक साठला चार नॉट जास्त दाखवत होता. नव्या माणसानं पाठचा स्क्रू फिरवून तो सरळ केला आणि पुढचा घेतला. कोणी काही बोललं नाही. त्या विमानांचं मधल्या काळात काही झाल्याचं ऐकिवात नाही. उरलेले तीन कधी आलेच नाहीत.

दोन वर्षं पुरी झाली त्या रविवारी मी केळव्याला गेले.

घर विचारत विचारत गेले. सुपारीच्या वाडीच्या कडेनं विटांची पायवाट होती आणि पायवाटेवरून किनारा शोधणारी मुंबईची माणसं मोबाइल समोर धरून चालली होती. काका कुंपणाच्या आत, पाण्याच्या पाटाजवळ बसले होते. बारीक झाले होते. एका हातानं नारळाची सोडणं चाचपून दोन ढिगांत टाकत होते, ओली इकडे, सुकी तिकडे. मी कुंपणाशी थांबले. त्यांनी मान वर केली आणि जरा बाजूला वळवली.

"कोन हाय?"

मी सांगायला आले होते की काका, तुमचं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. तिथून जाणाऱ्या कुठल्याही बाईनं विचारावं तसं मी हिंदीत विचारलं, "अंकल, बीच किधर है?"

हातातलं सोडण त्यांनी कुठल्याच ढिगात टाकलं नाही.

"किनारा तिकडं," ते म्हणाले. "पन तुला बोईसरला जायचं असंल. साडेपाचची यष्टी हाय पालघरला. तितून मिळंल."

तरी मी तिथेच उभी राहिले आणि मग मराठीत म्हणाले, "काका, चौदातले अकरा परत आले. दोन चुकीचे निघाले."

"कंचे?"

मी नंबर सांगितले. त्यांनी मान डोलावली.

"वर का खाली?"

"वर. एक चार नॉट."

"तीन यायचे हायत?"

"हो. आलेच नाहीत."

"कोनाला सांगितलंस?"

माझ्यामागून मुलांचा एक घोळका ओरडत किनाऱ्याकडे गेला. तो जाईपर्यंत काका थांबले.

"मंग मला कशाला सांगतंस? मला मायतीच होतं."

त्यांनी हातातलं सोडण चाचपलं, ओलं होतं, ते इकडच्या ढिगात टाकलं आणि पुढचं उचललं. मी पायवाटेला लागले. यष्टीला अजून दीड तास होता आणि किनाऱ्याकडे जायचं मला धैर्य झालं नाही, म्हणून स्टॉपवर जाऊन बसले.